कोऱ्या रकान्यांचं भौतिकशास्त्र



निमंत्रणपत्रिकेवर माझ्या विषयाचं नाव ‘अणुभट्टीचं संगणकीय गणित आणि आकड्यांची अनिश्चितता’ असं छापलंय. ते वाचूनही सभागृह भरलं, याचं श्रेय मी घेत नाही. काल याच मंचावर राजकारणावर व्याख्यान होतं. त्यातली काही मंडळी अजून उठली नसावीत.

मराठवाड्यात अणुभट्टी नाही. अणुऊर्जा खात्याचं आपल्याकडचं मोठं काम म्हणजे हिंगोली जिल्ह्यातली, औंढा नागनाथजवळची लायगो-इंडिया, आणि तिथं गुरुत्वीय लहरी मोजायच्या आहेत, वीज करायची नाही. तरीही हा विषय मी आमच्या नांदेडच्या विद्यापीठापुरता राखून न ठेवता लातूरला आणला, कारण माझ्या म्हणण्याचा पहिला पुरावा इथून चाळीसेक किलोमीटरवर आहे.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं उशिरा झोपली होती. त्या पहाटेबद्दल मी तुम्हाला काही सांगावं, असं काही उरलेलं नाही. या सभागृहात अशी कुटुंबं असतील ज्यांच्यासमोर मी गप्प बसलेलंच बरं. मला बोलायचंय ते एका नकाशाबद्दल. भारतीय मानक ब्युरोच्या भूकंपविषयक संहितेत देशाचा एक नकाशा असतो. तेव्हा त्यात पाच विभाग होते. पहिला सर्वांत कमी धोक्याचा, पाचवा सर्वांत जास्त. किल्लारी पहिल्या विभागात होती.

का होती? शंभर-दोनशे वर्षं उपकरणं लावून बसल्यावर इथं काही हलत नाही असं दिसलं, म्हणून नव्हे. इथं उपकरणं जवळजवळ नव्हतीच. जुन्या मोठ्या भूकंपाची नोंद नव्हती. खालचा पुरातन खडक आणि त्यातल्या भेगा दिसायला मार्ग नव्हता, कारण वर तीनशे-साडेतीनशे मीटर काळा बेसाल्ट पसरलेला. नोंद नाही, म्हणजे भूकंप नाही, असं धरून नकाशा रंगवला गेला. ऑगस्ट १९९२ पासून किल्लारी परिसरात धक्के जाणवत होते, त्या ऑक्टोबरात चारच्या आसपास तीव्रतेचा एक होऊनही गेला. पण नकाशाचा रंग काही बदलला नाही. तो बदलला २००२ साली. तेव्हा पहिला विभागच रद्द करून टाकला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला. १९९२ ते २००२ या दहा वर्षांत जमीन जास्त धोकादायक झाली होती, असं नाही. आपलं अज्ञान आपल्याला कळलं होतं.

कोरा रकाना आणि शून्य भरलेला रकाना, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या व्याख्यानात मला एवढंच सांगायचंय. बाकीचा वेळ मी ते अणुभट्टीच्या आत नेऊन दाखवणार आहे.

अणुभट्टीचं गणित मुळात किती साधं आहे, ते आधी पाहू. एक न्यूट्रॉन सुटला. तो कुठं जाईल, कशाला धडकेल, धडकल्यावर काय होईल? उसळून दुसरीकडे जाईल, गिळला जाईल, की युरेनियमचं केंद्रक फोडून आणखी दोन-तीन न्यूट्रॉन सोडील? प्रत्येक शक्यतेला एक आकडा असतो. त्याला काटछेद म्हणतात आणि तो बार्न या एककात मोजतात. मंद न्यूट्रॉनसाठी युरेनियम-२३५ च्या विखंडनाचा काटछेद ५८५ बार्नच्या आसपास आहे. त्याच न्यूट्रॉनला युरेनियम-२३८ गिळून टाकतं त्याचा आकडा अवघा २.७. आणि भट्टी चालू असताना आपोआप तयार होणाऱ्या झेनॉन-१३५ चा सुमारे २६ लाख. निसर्गानं हे आकडे कुठल्याही सोप्या सूत्रात बसवलेले नाहीत. न्यूट्रॉनची ऊर्जा जरा इकडची तिकडे झाली की काटछेद हजारपट चढतो किंवा उतरतो. त्या चढांना रेझोनन्स म्हणतात. आलेख काढला तर अजिंठ्याच्या डोंगररांगेपेक्षा जास्त सुळके निघतील.

मग संगणक काय करतो? न्यूट्रॉन सोडतो, यादृच्छिक आकडा काढतो, तक्त्यात बघतो आणि पुढची वाट ठरवतो. असे कोट्यवधी न्यूट्रॉन. या पद्धतीला माँटे कार्लो म्हणतात. १९४६ मध्ये आजारातून उठत असताना पत्त्यांचा सॉलिटेअर डाव खेळणाऱ्या स्टॅनिस्लाव उलाम यांना ती सुचली, जॉन फॉन नॉयमन यांनी ती उचलून धरली आणि १९४८ मध्ये एनिॲक या यंत्रावर ती चालवून पाहण्यात आली. आज हेच काम पदव्युत्तर वर्गातला मुलगा स्वतःच्या लॅपटॉपवर करतो. तात्पर्य, प्रोग्राम ही आता अवघड गोष्ट राहिलेली नाही. अवघड आहे तो तक्ता. आणि तक्ता कोणीतरी, कुठल्यातरी प्रयोगशाळेत, घाम गाळून मोजलेला असतो.

मोजलेलं म्हटलं की चूक आली. ती दोन जातींची असते, आणि हा फरक आपल्याकडच्या शेतकऱ्याला प्राध्यापकापेक्षा लवकर कळतो असा माझा अनुभव आहे. पीक कापणी प्रयोग तुम्ही पाहिलेत. शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढं सोयाबीन कापायचं, मळायचं, तोलायचं आणि त्यावरून साऱ्या मंडळाचं उत्पादन ठरवायचं. एका तुकड्यात पीक दाट, दुसऱ्यात विरळ, तिसऱ्यात हुमणी लागलेली. ही झाली पहिल्या जातीची चूक. तुकडे वाढवा, सरासरी काढा, ती कमी होत जाते. पण आखायची दोरीच वितभर आखूड असेल तर? मग दहा तुकडे घ्या की हजार घ्या, प्रत्येक तुकडा त्याच बाजूनं चुकेल आणि सरासरीसुद्धा तेवढीच चुकेल. वर गंमत अशी, की तुकडे वाढवल्यामुळे कागदावर आकडा जास्तच खात्रीचा दिसू लागेल. विम्याचे पैसे मात्र त्या आखूड दोरीवर ठरतील.

अणुविज्ञानात ही दोरी प्रत्यक्षात आहे. बहुतेक काटछेद स्वतंत्रपणे मोजत नाहीत; एखाद्या प्रमाण मानलेल्या काटछेदाशी तुलना करून काढतात. युरेनियम-२३५ चं विखंडन हे असं एक प्रमाण. ते एक टक्क्यानं हललं तर त्याच्याशी तुलना करून काढलेली शेकडो मोजमापं एकदम, एकाच दिशेनं हलतात. म्हणून नुसतं प्रत्येक आकड्यापुढं अधिक-उणे लिहून भागत नाही. कोणती चूक कोणत्या चुकीशी बांधलेली आहे, तेही लिहावं लागतं. या बांधिलकीच्या तक्त्याला कोव्हेरियन्स म्हणतात.

आता संगणकानं छापलेल्या निकालाकडे या. तिथं ‘के’ नावाचा आकडा असतो. एका पिढीतल्या न्यूट्रॉनांमागे पुढच्या पिढीत किती, ते त्यावरून कळतं. तो बरोबर एक असेल तर भट्टी स्थिर. माँटे कार्लोचा प्रोग्राम छापतो: १.०००१२, अधिक-उणे ०.००००८. पाहणारा खूश होतो. पण हे अधिक-उणे फक्त पहिल्या जातीच्या चुकीचं आहे. न्यूट्रॉन चौपट सोडले तर ते निम्मं होतं. रात्रभर संगणक चालू ठेवला की आणखी कमी. तक्त्यातली चूक त्यात धरलेलीच नसते. ती धरली तर साध्या पाण्याच्या नेहमीच्या अणुभट्टीसाठी ‘के’मधली अनिश्चितता साधारण अर्धा ते पाऊण टक्का निघते. म्हणजे छापलेल्या आकड्यातले शेवटचे दोन-तीन अंक निव्वळ शोभेचे.

अर्धा-पाऊण टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो. बोर्डाच्या निकालात एवढ्या फरकानं फार तर लातूर पॅटर्नमधल्या एखाद्या मुलाचं कॉलेज बदलेल. पण अणुभट्टीत याच मापाचा एक दुसरा आकडा आहे. युरेनियम-२३५ च्या विखंडनातून निघणाऱ्या न्यूट्रॉनांपैकी सुमारे ०.६५ टक्के न्यूट्रॉन उशिरा, काही सेकंदांनी, कधी मिनिटभरानं बाहेर पडतात. या उशिरा येणाऱ्यांच्या जोरावरच माणूस आणि यंत्र भट्टी ताब्यात ठेवू शकतात. ते नसते तर शक्ती इतक्या झपाट्यानं बदलली असती की नियंत्रणाच्या सळ्या हलवायला उसंत मिळाली नसती. म्हणजे जो पट्टा नियंत्रणाचा, जवळजवळ तेवढाच पट्टा निव्वळ गणितावर विसंबलेल्या माणसाच्या अज्ञानाचा.

मग भट्ट्या चालतात कशा? चालतात, कारण चालवणारे गणितावर विसंबत नाहीत. हे मला फार आवडतं, म्हणून जरा थांबून सांगतो. तारापूरची चौथी भट्टी, ५४० मेगावॉटची, जड पाण्याची. तिच्यात ६ मार्च २००५ रोजी साखळी प्रक्रिया पहिल्यांदा स्वतःच्या पायावर उभी राहिली. अशा भट्टीत इंधन भरून झालेलं असतं आणि जड पाण्यात बोरॉन मिसळलेलं असतं. बोरॉन न्यूट्रॉन गिळतं, म्हणून सारं निपचित. किती बोरॉन काढल्यावर भट्टी जागी होईल, याचं भाकीत गणित करतं. पण कोणी त्या आकड्यावर डोळे मिटून बोरॉन काढत नाही. पाणी राळेच्या स्तंभातून फिरवून बोरॉन थोडं थोडं काढतात, थांबतात, न्यूट्रॉन मोजतात. मोजणी दुप्पट झाली की भट्टी अर्धी वाट चालली. मग कागदावर मोजणीचा व्यस्तांक मांडतात: एक, अर्धा, पाव. ही रेघ खाली खाली येत शून्याकडे जाते आणि ती शून्याला कुठं टेकेल, ते पट्टी ठेवून दिसतं. पुढचं पाऊल त्या अंतराच्या निम्मंच टाकायचं. जसजसं जवळ जावं तसतशी पावलं लहान. संगणकाचं भाकीत एका बाजूला लिहिलेलं असतं आणि आलेख दुसऱ्या बाजूला. दोघांत तफावत आली तर काम थांबतं आणि भाकिताची चौकशी सुरू होते. १९४२ मध्ये शिकागोत एन्रिको फर्मींनी पहिली भट्टी अशीच पावलापावलानं जागी केली होती. संगणक आले, पण ही रीत कोणी सोडलेली नाही.

ही खबरदारी भट्टी सुरू करतानाची. ती चालू असताना एखादा गुणधर्म गणितातच चुकीचा धरलेला असेल, तर तो असा आलेख काढून सापडत नाही. त्याचं उदाहरण आपल्या शेजारचं आहे.

नंदुरबारच्या सीमेपलीकडे, तापीच्या खोऱ्यात, काकरापारला २२० मेगावॉटच्या दोन जुन्या भट्ट्या आहेत. पहिली १९९३ साली व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागली, किल्लारीच्याच वर्षी. नैसर्गिक युरेनियम, जड पाणी, ३०६ आडव्या नळ्या आणि प्रत्येक नळीत बारा इंधनगठ्ठे. १० मार्च २००४ रोजी या पहिल्या भट्टीत वीजपुरवठ्यातल्या बिघाडामुळे नियंत्रणाच्या सळ्या हलेनाशा झाल्या. भट्टी ७३ टक्के शक्तीवर होती. शक्ती वाढत वाढत जवळजवळ पूर्ण क्षमतेपर्यंत गेली, आणि मग सुरक्षा यंत्रणेनं भट्टी आपोआप बंद केली. घटनांच्या आंतरराष्ट्रीय श्रेणीवर ती दुसऱ्या पातळीची म्हणून नोंदली गेली.

बिघाड का झाला, हा अभियंत्यांचा प्रश्न. त्याची उत्तरं त्यांनी शोधली. भौतिकशास्त्रज्ञांना वेगळाच प्रश्न पडला. शक्ती वाढतच का गेली? संकल्पनेच्या वेळच्या गणिताप्रमाणे ती अशी चढायला नको होती. शक्ती वाढली की इंधन तापतं. इंधन तापलं की युरेनियम-२३८ चे ते रेझोनन्सचे सुळके रुंदावतात, त्यात जास्त न्यूट्रॉन अडकतात आणि शक्तीला आपसूक आळा बसतो. याला इंधन-तापमान गुणांक म्हणतात. तो ऋण असावा, आणि कागदावर तो ऋण होता. त्या कागदी गुणांकानं गणित केलं की १० मार्चची घटना काही जुळेना.

जुळली ती तक्ता बदलल्यावर. आपल्याकडे वापरात असलेला तक्ता ब्रिटनमधल्या विनफ्रिथच्या प्रयोगशाळेतून आलेला, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा होता. व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनं तोच साचा ठेवून आत नवी मोजमापं भरायचा प्रकल्प हाती घेतला होता, आणि भाभा अणुसंशोधन केंद्रही त्यात सहभागी होतं. हा नवा तक्ता घालून गणित केल्यावर गुणांक पूर्वीपेक्षा कमी ऋण निघाला, आणि इंधन जुनं होत जाईल तसतसा तो धन होत गेला. कारण प्लुटोनियम. भट्टीत युरेनियम-२३८ पासून प्लुटोनियम-२३९ साचत जातं. ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ, म्हणजे मंद न्यूट्रॉनच्या अंगणातच, त्याचा एक मोठा रेझोनन्स आहे. इंधन तापलं की न्यूट्रॉनही थोडे तापतात, थोडे वेगवान होतात आणि नेमके त्या चढावर जाऊन पोचतात. विखंडनं वाढतात. ताज्या इंधनात युरेनियम-२३८ चा आळा जिंकतो; जुन्या इंधनात प्लुटोनियमचा रेटा त्याला गाठतो. हे दोन जवळजवळ सारख्या बळाचे परिणाम एकमेकांतून वजा होतात, आणि वजाबाकीत उरणारा लहानसा आकडा ऋण की धन, ते तक्त्यातल्या बारक्याशा चुकीवर ठरतं. भाभा केंद्रातले डॉ. एस. गणेशन यांनी हा सारा प्रकार पुढे शोधनिबंधांतून उघडपणे मांडला आहे. सरकारी खात्यातल्या माणसानं हे छापून ठेवणं, याला माझ्या लेखी फार किंमत आहे.

जुना तक्ता का चालू राहिला, याचं कारण केवळ आळस नव्हे. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर भारतासाठी दारं बंद होत गेली. अमेरिकेनं आपल्या तक्त्याची पाचवी आवृत्ती जगासाठी खुली केली नाही. सहावी १९९० मध्ये खुली झाली, तेव्हा कुठं जगाला बघायला मिळाली. हाती आहे त्यावर काम करणं आपल्या लोकांना भाग होतं, आणि त्यांनी ते निगुतीनं केलं. माझी तक्रार एवढीच आहे, की त्या जुन्या तक्त्यातल्या आकड्यांपुढं अधिक-उण्याचा रकाना कोरा होता आणि वापरताना तो शून्य समजला गेला. ‘ऋण’ याऐवजी ‘ऋण, पण इतकी अनिश्चितता धरली तर धनही असू शकेल’ असं त्या कागदावर लिहिलेलं असतं, तर तक्ता जुनाच राहूनही सावध राहायला जागा मिळाली असती.

कोऱ्या रकान्याला शून्य समजण्याची सर्वांत महागडी घटना घडली १ मार्च १९५४ रोजी, प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर. तो अणुभट्टीचा प्रकार नव्हे, बॉम्बचा. पण चूक तक्त्यातलीच. अमेरिकेच्या ‘कॅसल ब्राव्हो’ चाचणीतल्या लिथियमपैकी थोडा भाग लिथियम-६ होता आणि जास्त लिथियम-७. लिथियम-७ या कामात भाग घेत नाही, असं धरलेलं होतं. वेगवान न्यूट्रॉननं त्याच्यातूनही स्फोटाला जोर देणारं ट्रिशियम निघतं, हा रकाना कोणी भरलेलाच नव्हता. अंदाज सहा मेगाटनांच्या आसपासचा होता, स्फोट पंधरा मेगाटनांचा झाला. किरणोत्सारी राख दूरवरच्या एका जपानी मासेमारी होडीवर पडली. त्या होडीचा बिनतारी संदेशवाहक ऐकिची कुबोयामा त्याच सप्टेंबरात मरण पावला.

ही सत्तरेक वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. ज्याची पाचवी आवृत्ती अडवून ठेवली होती, त्या अमेरिकी तक्त्याची २००६ सालची आवृत्ती घ्या: ३९३ पदार्थ, आणि कोव्हेरियन्स दिलेला फक्त २६ पदार्थांचा. २०११ च्या आवृत्तीत ४२३ पैकी १९० झाले. उरलेल्यांचं काय? तिथं विभाग रिकामा. आणि अनिश्चिततेचं गणित करणारा प्रोग्राम रिकामा विभाग वाचून काय करतो? शून्य धरतो. ज्या पदार्थाबद्दल आपल्याला सर्वांत कमी माहिती, त्याचा धोक्यातला वाटा सर्वांत कमी. किल्लारीचा पहिला विभाग तो हाच.

रकाना भरलेला असला, तरी तो कसा भरला हे बघावं लागतं. ही व्याख्यानमाला ज्या सरांच्या स्मरणार्थ आहे, त्यांच्या हाताखाली मी बी.एस्सी.चे प्रयोग केले. साध्या लोलकाच्या प्रयोगात सगळ्यांना उत्तर ठाऊक असायचं, ९.८. मग मुलं उलटं गणित करून वेळेच्या नोंदी भरायची. सर वही हातात घेत आणि एकच विचारत, “दोरी कुठवर मोजलीस बाबा, गोळ्याच्या डोक्यापर्यंत की पोटापर्यंत?” लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरावी लागते. वरपर्यंत मोजूनही ज्याचं उत्तर ९.८ आलं, त्यानं कुठंतरी दुसरी चूक करून पहिली झाकलेली असायची.

हे उलटं गणित जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळाही करतात, फक्त सभ्यपणे. लॉस अलामॉसमध्ये प्लुटोनियमचा एक उघडा गोळा होता, सुमारे सतरा किलोचा, नाव जेझबेल. समृद्ध युरेनियमचा दुसरा, पन्नास किलोच्या वर, नाव गोडायव्हा. हे गोळे नेमके कधी साखळी प्रक्रिया धरतात, ते अत्यंत बारकाईनं मोजलेलं आहे. साहजिकच नवा तक्ता तयार करताना त्यातले आकडे अनिश्चिततेच्या मर्यादेत इकडेतिकडे सरकवून या गोळ्यांचं उत्तर बरोबर येईल असं बघतात. यात लबाडी नाही, मीही तेच केलं असतं. पण परिणाम असा होतो, की प्लुटोनियमच्या विखंडनाचा आकडा जरा जास्त, उसळण्याचा जरा कमी, आणि दोन चुका एकमेकींना झाकतात. जेझबेलचं उत्तर उत्तम. तोच तक्ता घेऊन सोडियम फिरणाऱ्या भट्टीचं किंवा थोरियमच्या भट्टीचं गणित मांडलं की घटकांचं प्रमाण बदलतं आणि झाकण निघतं. म्हणून ‘आमचा प्रोग्राम शेकडो प्रयोगांशी पडताळलेला आहे’ असं कोणी म्हटलं, की पुढचा प्रश्न विचारावा: त्यातले किती प्रयोग तुमच्या भट्टीसारखे होते?

इथं जैतापूरचा विषय निघणारच, निघालेला बरा. राजापूर तालुक्यातल्या माडबनला सहा भट्ट्यांचा प्रस्ताव आहे. २०११ मध्ये रॉजर बिल्हम आणि विनोद गौर यांनी ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं, की अशा प्रदेशात सहाच्या आसपासच्या भूकंपाची शक्यता कमी असली तरी ती नाकारता येत नाही. एका बाजूनं त्याचा अर्थ ‘भूकंप होणार’ असा लावला, दुसऱ्या बाजूनं ‘यांना सक्रिय भ्रंश दाखवता आलेला नाही’ असं उत्तर दिलं. सक्रिय भ्रंश किल्लारीलाही १९९२ पर्यंत कोणी दाखवला नव्हता. त्या वादात दोन्हीकडच्या सभांना मी हजर राहिलो आहे. अधिक-उणे कोणालाच नको होतं. हवं होतं ते हो किंवा नाही. भट्टी बांधणाऱ्याला मोठं अधिक-उणे धरून जास्त पोलाद आणि जास्त काँक्रीट घालता येतं. संकल्पनेत तशी सोय असते. पण त्यासाठी ते अधिक-उणे कागदावर उघड लिहावं लागतं, आणि जनसुनावणीत ते वाचून दाखवायची छाती लागते.

आता थोरियम. आपल्या देशाच्या अणुकार्यक्रमाचा तिसरा टप्पा त्याच्यावर उभा राहायचा आहे, आणि कोरे रकाने तिथं सर्वांत जास्त आहेत, कारण जगातल्या इतर देशांना त्याची निकड नव्हती. थोरियम न्यूट्रॉन गिळतं, त्याचं प्रोटॅक्टिनियम-२३३ होतं, आणि सुमारे सत्तावीस दिवसांच्या अर्धायुष्यानं त्याचं युरेनियम-२३३ होतं, जे कामाचं इंधन. मधल्या प्रोटॅक्टिनियमनं न्यूट्रॉन गिळला किंवा ते स्वतःच फुटलं तर हिशेब बदलतो. म्हणून त्याचे काटछेद हवेत. पण जो पदार्थ सत्तावीस दिवसांत निम्मा होतो आणि भयंकर किरणोत्सारी असतो, त्याचं लक्ष्य बनवून त्यावर न्यूट्रॉन मारणार कसे?

मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात पेलेट्रॉन नावाचा त्वरक आहे, भाभा केंद्र आणि टाटा संस्था यांचा मिळून. तिथं बी. के. नायक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक आडवाट काढली. २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. प्रोटॅक्टिनियमला हातच लावायचा नाही. साध्या थोरियमवर लिथियम-६ चा झोत सोडायचा. कधी लिथियमचा काही भाग थोरियममध्ये मुरतो आणि अल्फा कण बाहेर पडतो. मागे उरतं ते प्रोटॅक्टिनियम-२३४, म्हणजे प्रोटॅक्टिनियम-२३३ नं न्यूट्रॉन गिळल्यावर जे झालं असतं, नेमकं तेच. कधी ड्यूटेरॉन बाहेर पडतो. तेव्हा उरतं युरेनियम-२३६, म्हणजे युरेनियम-२३५ आणि एक न्यूट्रॉन. एकाच झोतात, एकाच लक्ष्यावर दोन्ही. दोघांपैकी किती फुटले, त्यांचं गुणोत्तर काढायचं. युरेनियमचा आकडा माहीत आहे, त्यावरून प्रोटॅक्टिनियमचा निघतो. झोत किती होता, लक्ष्य किती जाड होतं, या चुका गुणोत्तरात बऱ्याचशा कटून जातात. आखूड दोरीनं दोन्ही शेतं मोजली आणि फक्त ‘कोणतं मोठं, कितीपट’ एवढंच विचारलं, तर दोरी आखूड असली तरी बिघडत नाही. मोजणाऱ्याची खरी हुशारी म्हणतात ती ही. ११.५ ते १६.५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट या पट्ट्यातले आकडे त्यातून मिळाले. असं मोजण्याचं काम अजून पुष्कळ उरलेलं आहे.

आणि ते काम मुंबईतच व्हावं असं काही नाही. जगभरच्या अशा मोजमापांचा एक सामाईक साठा आहे, एक्सफोर नावाचा. २००६ पासून गणेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या विद्यापीठांमधल्या अध्यापक-विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेऊन भारतीय मोजमापं त्यात भरून घेतली. प्रत्येक नोंदीत विचारलेलं असतं: कोणतं यंत्र, कोणतं प्रमाण, कोणता शोधक, चुकीचं विश्लेषण कसं केलं. या शेवटच्या ओळीपाशी जुने शोधनिबंध अडतात. तिथं ‘सुमारे दहा टक्के’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यातले किती टक्के दोरीचे आणि किती पिकाचे, ते आता कोणाला विचारणार?

समोर भौतिकशास्त्राचे विद्यार्थी बसलेले दिसतात, काही आमच्या नांदेडच्या विद्यापीठाचे, काही इथल्या उपकेंद्राचे. तुमच्यासाठी एक काम सांगतो. हे सगळे तक्ते आज व्हिएन्नाच्या संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. ओपनएमसी हा माँटे कार्लोचा प्रोग्रामही फुकट आहे. थोरियम-२३२, प्रोटॅक्टिनियम-२३३ आणि युरेनियम-२३३ यांच्या फायली उतरवून घ्या. त्यांत तेहेतीस क्रमांकाचा विभाग शोधा; काटछेदांचा कोव्हेरियन्स तिथं असतो. कोणत्या देशाच्या तक्त्यात तो भरलेला आहे, कोणत्यात रिकामा, आणि भरलेला असेल तर कोणत्या मोजमापाच्या आधारानं, याची यादी करा. महिन्याभराचं काम आहे. पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेत एक संध्याकाळ तुम्हाला द्यावी, असं मी संयोजकांना आत्ताच सांगून ठेवलंय.